आराम केला की काटा चढतो

मोहगावात यशवंतराव शोधायला निघालं तर तीन-चार सापडतील. पण ‘काटेवाले यशवंतराव’ विचारलं तर शेंबडं पोरगंही नाल्यावरच्या रपट्याकडे, त्या ठेंगण्या पुलाकडे, बोट करतं. रपट्याच्या पलीकडे, संत्र्याच्या बागेला लागून त्यांचं घर. हे नाव त्यांना लागलं ते सत्तरी उलटल्यावर. त्याआधी सारा जन्म ते बंडीवाले यशवंतराव होते.

बंडी म्हणजे आपली बैलगाडी. छोटी रेल्वे चालायची तेव्हा यशवंतराव संत्रं रामाकोन्याच्या टेशनावर पोचवायचे आणि कापूस सौसरला. परतताना डोळा लागला तरी बैल बरोबर दारात आणून सोडायचे. एकदा मात्र जाग आली तर समोर सासरा कडुनिंबाची काडी चावत उभा! बैलांना बायकोच्या, पंचफुलाबाईंच्या, माहेरची सरकीची ढेप आवडायची, म्हणून त्यांनी तिकडचीच वाट धरली होती. पंचफुलाबाई अजून तो दिवस विसरू देत नाहीत. म्हणतात, “बैल तुमचे होते जी, पण अक्कल माह्या माहेरची.”

तर यशवंतरावांची विद्या बैलाची. बैल दमला की बाभळीखाली सोडायचा, पाणी दाखवायचं, त्याचे कान उभे झाले की पुन्हा जुंपायचा. एवढंच. ही विद्या पन्नास वर्षांत कधी खोटी पडली नाही आणि पुढचा सगळा घोटाळा तिच्यामुळेच झाला.

पुढे बागेत ट्रॅक्टर फिरायला लागला, बैल गेले. शेवटचा एक गोऱ्हा, पवळ्या, तेवढा पंचफुलाबाईंच्या गावातल्या धाकट्या जावेला, इंदूला, देऊन टाकला. पंचफुलाबाईंनी त्याला परातीत पेज पाजून वाढवलेला. दर पोळ्याला त्या पुरणपोळी घेऊन पायी आखरावर जायच्या. आखर म्हणजे गावाची गुरं जमायची जागा, पोळ्याचं तोरण तिथेच बांधतात. तोरणाखाली पवळ्या उभा असला की हातानं त्याला पोळी चारायच्या आणि मगच घरी येऊन स्वतः जेवायच्या.

मग गुडघे बसले. घरातल्या घरात काठी धरून चालता येई, पण रपटा ओलांडून गावाकडचा चढ काही जमेना. मागल्या पोळ्याला इंदूचा पोरगा प्रवीण तीन दोस्त घेऊन आला आणि चौघांनी मोठ्या आईला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून आखरावर नेलं. पोरांचा हेतू चांगला होता. पण वाटेत एका म्हाताऱ्यानं सवयीनं टोपी काढून हात जोडले. बस. पंचफुलाबाईंनी तिथेच सांगून टाकलं:

“चौघांनी उचलायचं ते एकदाच असते, अन् तवा मी पाह्याले नसते. यापुढं कोनी मले उचलाचं नाही. स्वतःच्या जोरावर जाईन, नाहीतर पोळा नको.”

बायको पोळा नको म्हणते हे यशवंतरावांच्या घशाखाली उतरेना.

प्रवीण बोरगावला एका कारखान्यात कामाला. तिथे पाहुण्यांना फिरवायला एक बिजलीवर चालणारी गोल्फगाडी होती. छत होतं, बाजू उघड्या, समोर दोघांची बसायची जागा, आवाज म्हणाल तर मांजरीएवढा. जुनी झाली म्हणून ती भंगारात निघाली. यशवंतरावांनी मोटरसायकलीवर कधी भरवसा ठेवला नव्हता. दोन पायांवर उभी राहते ती कोंबडी, असं त्यांचं मत. पण ही चार चाकांची, ठेंगणी, पाय उचलल्याशिवाय नुसतं टेकून बसता येईल अशी. त्यांनी ती प्रवीणकडून आणवलीच.

“हे काय आणलं?” पंचफुलाबाई म्हणाल्या.

“तुह्या पोळ्याची सवारी.”

“ही? हिले तर शिंगंबी नाहीत.”

गाडी दाखवायला पांढुर्ण्याहून विनोदला बोलावलं. विनोद बॅटऱ्यांचा माणूस, बडबड्या. त्यानं सीट उचलली. खाली सहा बॅटऱ्या, ओळीनं बसलेल्या, अंगणवाडीतल्या पोरांसारख्या. त्यानं टोपणं काढून पाणी पाहिलं, थोडं घातलं, वायरी जोडायचे खांब घासले आणि मान हलवली.

“काका, बॅटऱ्या बुढ्या झाल्या. चालते, पण तुमच्या मर्जीनं नाही, तिच्या मर्जीनं.”

सुकाणूजवळ एक गोल घड्याळ होतं, त्यात काटा. एकीकडे हिरवं, मधात पिवळं, दुसरीकडे लाल. विनोदनं त्याच्यावर बोट ठेवलं.

“आता हे ध्यानात ठेवा. काटा चालतानी पाहाचा, उभी असतानी नाही. उभी राह्यली का काटा वर येते, तो खोटा हाय. चढावर कुठं पडते ते पाहा. तोच तिचा खरा दम.”

“हौ, हौ,” यशवंतराव म्हणाले. आणि मनात म्हणाले, पोराला जनावराचं काय कळतं!

कारण दुसऱ्याच दिवशी त्यांना पुरावा मिळाला. बागेत फेऱ्या मारता मारता काटा लालवर आला आणि गाडी थांबली. यशवंतरावांनी ती संत्र्याच्या सावलीत लोटली, स्वतः बिडी ओढली, आणि पाहतात तर काय, काटा हळूच पिवळ्याच्या पुढं सरकला! गाडी सुरू झाली आणि घरापर्यंत आली. बागेपासून घरापर्यंत सगळा उतार आहे, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

“पाह्यलं? आराम केला का काटा चढते,” ते घरात येऊन म्हणाले. “विनोद म्हणे खोटा हाय. बैलाचे कान खोटे असतात का?”

तेव्हापासून त्यांना काट्याचं वेडच लागलं. सकाळी उठले की तोंड धुवायच्या आधी गाडीपाशी. किल्ली फिरवायची, काटा पाहायचा, सीट उचलून बॅटऱ्यांची टोपणं उघडायची, पाणी पाहायचं, पुन्हा काटा पाहायचा. जेवण झालं, काटा. झोप झाली, काटा. पाहुणा आला तर पाण्याच्या आधी त्याला काटा दाखवायचे. गावात नाव पडलं ते यावरूनच. आणि पंचफुलाबाईंनी गाडीचं नाव ठेवलं सवत.

“जा, पह्यले सवतीची खुशाली पुसून या, मंग चहा मांडतो.”

“काऊन जळते वो? तुह्यासाठीच तर करून राह्यलो.”

“माह्यासाठी करता, अन् सीट तिची उचलता. माह्या गुडघ्यावरचं लुगडं सरकवून कवा पाह्यलं का सूज किती हाय ते?”

यशवंतराव लाजून काट्याकडे पाहायचे. काटा हिरवा असायचा.

असा पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. त्यांचे खांदे तूप-हळदीनं चोळायचे, पळसाच्या पानांनी शेकायचे, मानेचा दोर सोडायचा आणि कानात सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. यशवंतरावांच्या गोठ्यात बैल नव्हता. हात मात्र सकाळपासून शिवशिवत होते. दिवसभर त्यांनी गाडी बागेत फिरवून वळायची तालीम केली, संध्याकाळी चार्जिंगला लावली आणि दिवे लागले तशी वाटीत तूप-हळद घेऊन बाहेर गेले.

पंचफुलाबाई दारातून पाहतात तर बुढा गाडीच्या पुढच्या पत्र्याला हळद चोळून राहिलेला. चोळून झालं, पळसाचं पान टेकवून झालं. मग त्यानं चार्जरची वायर उपटली आणि गुंडाळून खुंटीला टांगली.

“अहो, ते काऊन काढलं?”

“आवतन देल्यावर जनावराच्या गळ्यात दोर ठेवत असतात का?”

“पन तिचं पोट भरलं का?”

“काटा पाह्य ना, हिरवागार हाय.”

“आवतन देल्यावर बैलाले उपाशी नाही ठेवत जी आपन. आवतन उद्याचं असते, आजचा कडबा आजच घालतात.”

“तू सैपाकाचं पाह्य.”

पंचफुलाबाईंनी सैपाकाचं पाहिलं. पुरण असं वाटलं की बोटाला लागू नये.

पोळ्याच्या दिवशी दुपार कलली तशी दोघं निघाली. गाडीच्या छताला बेगड, समोर झेंडूची माळ, खाली हळदीचा पत्रा. यशवंतरावांनी जुन्या सवयीनं नवा कासराही आणला होता. गाडीला तो कुठे बांधायचा ते कळेना, म्हणून सीटमागं टाकला. पंचफुलाबाई हिरवं लुगडं नेसून, मांडीवर पोळ्यांचा डबा आणि हातात काठी घेऊन बसल्या. काटा हिरवा होता.

“सूर्य बुडायच्या आत पोळा फुटते,” त्या म्हणाल्या. “फुटला का बैल पळतात घराकडं. मंग माहा पवळ्या काही सापडत नाही.”

“तू बस ना बापा. आज तुले राणीसारखी नेतो.”

रपट्यापर्यंत राणीसारखीच गेली. रपट्यावरून नाल्याचं पाणी झुळझुळ वाहत होतं, चाकं धुवून निघाली. मग चढ लागला आणि काट्यानं मान टाकली. पिवळा, मग लाल, मग गाडी एक सुस्कारा टाकून उभी.

“काही नाही, दमली,” यशवंतराव म्हणाले. त्यांनी मागं दगड लावला, गाडी बाभळीखाली होतीच. दोघं बसून राहिली. काटा हळूहळू वर आला, चक्क हिरव्याला टेकला. यशवंतरावांनी बायकोकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे कसं, परीक्षेत पास झालेलं पोरगं पाहतं तसं.

किल्ली फिरवली. गाडी दोन बाभळी पुढे गेली आणि उभी.

पुन्हा आराम. पुन्हा काटा हिरवा. या वेळी एकच बाभळ.

तिसऱ्या वेळी गाडीनं नुसतं ‘हूं’ केलं.

वाटेनं बैल चालले होते. शिंगांना रंग, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरं. जो तो थांबून विचारी.

“काय काटेवाले, आवतन देल्लं नव्हतं का गाडीले?”

“देल्लं होतं बापा,” पंचफुलाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, “जेवनच नव्हतं देल्लं.”

यशवंतरावांनी विनोदला फोन लावला.

“काका, चालतानी काय दाखवते काटा?”

“लाल. पन उभी राह्यली का हिरवा!”

“तो खोटा हाय म्हनलं होतं ना मी? रातभर चार्जिंगले होती का?”

यशवंतरावांनी घसा साफ केला. “पोळ्याची खांदशेकणी होती, तर वायर सोडली.”

विनोद म्हणाला, “काका, गाडीले बैल समजून राह्यले तुमी. परवा येतो. उद्या गोटमारीची जत्रा हाय, नाल्यावर गोटे चालतात, पांढुर्ण्यातून निघता येत नाही.”

परवाचा काय उपयोग? ऊन सागाच्या शेंड्यावर गेलं होतं. तेवढ्यात प्रवीण आणि त्याचे दोस्त मागून आले. प्रवीणनं एका नजरेत सगळं ओळखलं.

“मोठी आई, चाल, उचलून नेतो. दहा मिनिटात पोचवतो.”

“हात लावून तर पाह्य!” पंचफुलाबाईंनी काठी उगारली.

“मंग ट्रॅक्टर बोलावू?”

“ट्रॅक्टरबी तोरणाखाली उभे हायेत सजून,” यशवंतराव म्हणाले. “आज कोनी किल्ली लावत नाही.”

दोस्तांपैकी एक, रोहित, शहाणपणानं बोलला, “मंग एखादी बैलजोडी...”

त्याचं वाक्य पुरं झालं नाही. प्रवीणनं त्याच्या टाळक्यात मारली. “पोळ्याच्या दिवशी बैलाले जुंपतं का बे? पाप लावतं का गावाले?”

पंचफुलाबाई डब्याकडे पाहत होत्या. “जाऊ द्या जी,” त्या म्हणाल्या, आणि हे त्यांनी हळू म्हटलं, टोमणा न मारता. “यंदा नाही तर नाही. चाला, घरी जाऊ. उताराने तरी येईल तुमची सवत.”

यशवंतरावांना बायकोच्या टोमण्यांची सवय होती. हे हळू बोलणं मात्र त्यांना सोसवलं नाही. ते गाडीमागं गेले, कासरा काढला, गाडीच्या पुढच्या दांड्याला गाठ मारली आणि दुसरं टोक आपल्या खांद्यावरून घेतलं.

“हे काय करून राह्यले?” पंचफुलाबाई ओरडल्या.

“बैलाले सुट्टी हाय. मले कोनं देल्ली? तू इकडं सरक, सुकाणू धर.”

“मी? माह्या सात पिढ्यात कोनी सुकाणू धरलं नाही!”

“जिकडं जायचं तिकडं फिरव. संसारात तेच करून राह्यली ना आतापर्यंत?”

पोरं हसत मागं गेली. चौघांनी गाडीला खांदे लावले. पुढं यशवंतराव वाकले, कासरा ताणला गेला, आणि गाडी चालली. पंचफुलाबाई सुकाणू असं घट्ट धरून बसल्या होत्या की जणू ते पळून जाईल. थोड्या वेळानं हात सैल पडले. मग पाठ ताठ झाली. मग त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, “चाल माह्या राजा, चाल! हाऽट!”

“मोठी आई, कोनाले म्हनते?” प्रवीणनं विचारलं.

“जो पुढं हाय त्याले.”

चढ संपला. आणि इथं एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. चढाच्या पुढं उतार होता आणि उताराच्या पायथ्याशी आखर. माथ्यावरून गाडीनं स्वतःच्या मनानं पाय काढला. मागची पोरं हात पसरून उभीच राहिली. पुढं यशवंतराव, खांद्यावर कासरा, आणि मागून गाडी येते आहे. थांबायची सोयच उरली नाही. सत्तरी उलटलेला माणूस धोतराचा सोगा दातांत धरून असा पळाला की रस्त्यातले बैल बाजूला झाले.

“ब्रेक! पंचफुला, ब्रेक दाब!”

“कशानं दाबू? पाय वाकत नाही माहा!”

“खालचं दाबऽऽ!”

पंचफुलाबाईंनी काठी उचलली, खाली ब्रेकवर रोवली आणि सगळं वजन तिच्यावर टाकलं. गाडी कुंथली, आडवी वळली आणि तोरणाच्या एक हात अलीकडे उभी राहिली. तोरणाची आंब्याची पानं तिच्या छतापुढं हलत होती.

तोरणापाशी पाटील उभे होते, पोळा फोडायचा, म्हणजे तोरण तोडायचा, मान त्यांचा. त्यांनी छताकडे पाहिलं, पानांकडे पाहिलं.

“काकू, पोळा तुमीच फोडता का आज?”

“नाही बापा,” पंचफुलाबाई धापा टाकत म्हणाल्या, “मान तुमचा. मी फकत येऊन लागली.”

मग जे हसू फुटलं! पोळ्यात झडत्या म्हणायची रीत आहे, बैलांपुढं उभं राहून रचायच्या आणि फेकायच्या. गर्दीतून कोणीतरी हात वर केला:

“काटा चढला, काटा पडला,
गाडीचा बैल वाटेत अडला;
बैलाले सुट्टी, मालक धावला,
पंचफुलाबाईले पोळा पावला!
हर बोला, हर हर महादेव!”

सगळ्या आखरानं महादेव म्हटलं. यशवंतराव गाडीच्या चाकाला टेकून बसले होते, बोलायला श्वास नव्हता. कासरा अजून खांद्यावरच होता.

इंदू पवळ्याला घेऊन आली. पवळ्या आता चांगला धिप्पाड बैल झालेला, शिंगांना निळा रंग, कपाळावर बाशिंग. त्यानं आधी गाडीच्या पत्र्यावरची हळद हुंगली. मग डबा हुंगला. पंचफुलाबाईंनी बसल्या जागेवरून हात पुढं केला; गाडी एवढी ठेंगणी की बैलाचं तोंड बरोबर त्यांच्या मांडीशी येत होतं. पोळी गेली, दुसरी गेली, लाळ लुगड्यावर सांडली. त्यांनी ती पुसलीही नाही.

“मोठी आई,” प्रवीण मुद्दाम डिवचून बोलला, “शेवटी चौघांनीच आणलं ना तुले?”

“उचललं का? ढकललं. ढकलनं येगळं, उचलनं येगळं. ढकललं का मानूस पुढं जाते, उचललं का...” त्यांनी हात हवेत उडवला. “अन् हाकत तर मीच आणलं.”

डब्यात एक पोळी उरली होती. ती त्यांनी मोडली. अर्धी पवळ्याला दिली आणि अर्धी घेऊन खाली वाकल्या, जिथं नवरा बसला होता.

“घ्या. आज जो जुतला त्यालेबी मान हाय.”

“लोकं पाहून राह्यले वो,” यशवंतराव म्हणाले.

“पाहू द्या. आ करा.”

मग तोरण तुटलं, घुंगरांचा कल्लोळ झाला, बैल घरोघरी पळाले. गाडी पोरांनी ढकलत इंदूच्या दारात नेली आणि प्रवीणनं खिडकीतून वायर टाकून चार्जिंगला लावली. रात्री दोघं तिथंच मुक्कामाला राहिली.

जेवणं झाल्यावर इंदूच्या ओसरीत पंचफुलाबाईंनी वाटीत तूप-हळद गरम करून आणली. यशवंतरावांच्या खांद्यावर कासऱ्याचा लाल वळ उठला होता. त्या पळसाचं पान गरम करून त्यावर ठेवत गेल्या.

“खांदशेकणी आदल्या दिवशी असते,” यशवंतराव डोळे मिटून म्हणाले.

“तुमची काल करून ठेवली असती तर जरा जास्त पळले असते.”

थोड्या वेळानं त्यांनी डोळा उघडला. ओसरीच्या खाली गाडी उभी होती. त्यांचा हात आपोआप आधाराला खांब शोधू लागला.

“कुठं निघाले?”

“काही नाही. काटा...”

“बसा खाली. रातभर त्या वायरीला कोनी हात लावाचा नाही. अन् काटा उद्या मी पाहीन, चढावर, हाकतानी. तुमी मागं बसा.”

यशवंतराव बसले. पानाचा शेक खांद्यात उतरत होता.

“तरीबी सांगतो,” ते झोपेतल्यासारखं म्हणाले, “आराम केला का...”

“हौ,” पंचफुलाबाई म्हणाल्या आणि पान पालटलं. “चढू द्या तुमचाबी.”